लताबाईंना सूचक हवा आहे

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्ष माननीय डॉक्टर संजना आहेर, व्यासपीठावरचे रहिवासी मंडळाचे पदाधिकारी, आमच्या धर्मग्रामातून, म्हणजे चर्चच्या पॅरिशमधून, आवर्जून आलेले फादर, प्रसूतिगृहातून निवृत्त झालेल्या सत्कारमूर्ती लताबाई पगारे, त्यांच्या शेजारी सगळे हार सांभाळत बसलेले त्यांचे यजमान झुंबरराव, समोर बसलेल्या बंधू-भगिनींनो, आणि मागे उभं राहून जेवणाच्या मांडवाकडे लक्ष ठेवणाऱ्या मित्रांनो, सर्वांना जय भीम आणि नमस्कार.

सर्वांत ताजी बातमी आधी सांगतो. लताबाई महापालिकेची निवडणूक अपक्ष म्हणून लढवणार आहेत. आठवडाभर ही कुजबुज होती. आज हॉलच्या दारात गुलाबपाणी शिंपडता शिंपडता त्यांच्या सूनबाई स्नेहा यांनी तिला दुजोरा दिला. ‘हो काका, सोमवारी अर्ज भरायचाय. तुम्हीच अजून हो म्हणाला नाहीत.’ हे दुसरं वाक्य त्यांनी जरा मोठ्यानेच म्हटलं, आणि माझ्या अंगावर गुलाबपाणीही जरा जास्तच उडालं.

अध्यक्षबाई अजून महापालिकेच्या सेवेत आहेत. त्यांनी ‘निवडणूक’ हा शब्द ऐकलाच नाही, असं आपण सगळे मिळून धरून चालू.

माझी सारी हयात वर्तमानपत्रात गेली. तिथे बातमी पहिल्या परिच्छेदात द्यायची असते, म्हणजे जागा कमी पडली तर खालचा मजकूर बिनधास्त कापता येतो. आज मात्र कृपा करून खालून कापू नका, कारण माझी खरी अडचण खालीच आहे.

उमेदवाराच्या अर्जावर सूचक लागतो आणि अनुमोदक लागतो. अनुमोदक ठरले आहेत. एकलहऱ्याच्या रस्त्याला मेथी-कोथिंबीर पिकवणारे आपले सावळीराम बोराडे. त्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, ‘कुठं करायची सही? लवकर सांगा, पंचवटीत माल पोचवायचा हाय.’ इतका सोपा निर्णय. सूचक म्हणून लताबाईंनी मला विचारलं, आणि मी विचार करायला आठवड्याची मुदत मागितली. आयुष्यभर दुसऱ्यांना संध्याकाळी सहाची मुदत देणारा माणूस मी!

अडचण काय? मी कॅथलिक आहे. आमची श्रद्धा सांगते की माणसाचं जीवन गर्भापासून पवित्र आहे. तीच श्रद्धा सांगते की आजारी माणसाला औषधपाणी मिळणं हा त्याचा हक्क आहे, कुणाचा उपकार नव्हे. माझ्या लेखी ही एकच गोष्ट. जो जीव जन्माला यावा असं वाटतं, त्याला ताप आल्यावर दवाखानाही मिळावा, एवढं साधं. पण ही एकच गोष्ट घेऊन राजकारणात शिरून बघा. मी शिरलो होतो.

सर्वांना मोफत उपचार मिळावेत म्हणून मी लेख लिहिला, तर आमच्या चर्चमधले बेनेडिक्टभाऊ शिरसाठ, नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले, आज तिसऱ्या रांगेत बसले आहेत, मला म्हणाले, ‘काय हो पठारे, तुम्ही लाल झालात का?’ तोच लेख वाचून मोफत उपचारांसाठी मोर्चे काढणारी मंडळी खूश झाली. म्हणाली, ‘पठारे भाऊ, तुमचं बाकी सगळं पटतं. तेवढं ते पोपचं सोडा.’ तेव्हापासून मी दोन्हीकडे अर्ध्या खुर्चीवर बसतो. माझी बायको म्हणते, तुम्हाला दोन्हीकडे चहा मिळतो, पण बिस्कीट कोणी विचारत नाही.

आता लताबाईंकडे येतो, नाहीतर त्या म्हणतील, निरोप माझा आणि भाषण स्वतःवर.

आपल्या भागातलं प्रसूतिगृह संध्याकाळी बंद होतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यानंतर कुणाला कळा लागल्या तर तिला रिक्षात घालून पुढे पाठवतात. ते चोवीस तास चालावं आणि तपासण्या-औषधं कुठलंही कार्ड न विचारता मोफत मिळावीत, यासाठी आपण कृती समिती काढली. लताबाई तिथल्या मुख्य परिचारिका, सेवेत असलेल्या, त्यामुळे त्या समितीत नव्हत्या. त्या फक्त समितीच्या बैठकीला चहा प्यायला यायच्या आणि चहा पिता पिता सगळ्या मागण्या सांगून जायच्या. निवेदन लिहायचं काम अर्थात माझ्याकडे.

चौथी मागणी अशी होती की कायद्याने मान्य असलेला गर्भपात तिथेच, सुरक्षित व्हावा. मी म्हणालो, याखाली माझी सही होणार नाही. झुंबरराव म्हणाले, मग चौथी सोडून बाकीच्यांवर करा. मी तोडगा काढला. तळटीप! ‘चौथ्या मागणीशी एक सदस्य सहमत नाही’, एवढी एक ओळ. पण लेखकाला एक ओळ देणं म्हणजे... तुम्ही समजू शकता. कारणं आली. कारणांना दाखले आले. दोन पोप आले. निवेदन झालं एक पान आणि तळटीप झाली दोन पानं.

ते घेऊन शिष्टमंडळ एका साहेबांकडे गेलं. साहेब घाईत होते. त्यांनी घाईतला माणूस करतो तेच केलं, सरळ शेवटचं पान उघडलं. वाचलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, ‘म्हणजे तुमचा प्रसूतिगृहाला विरोध आहे?’

झुंबरराव म्हणाले, ‘नाही साहेब. यांचा विरोध फक्त आम्हाला आहे.’

साहेबांनी कागद परत दिला. ‘आधी आपसात ठरवा, मग या.’ लताबाईंना हे कळलं तेव्हा त्या चिडल्या नाहीत, म्हणजे दिसल्या तरी नाहीत. एवढंच म्हणाल्या, ‘भाऊ, कळा लागल्यावर बाईला आधी तुमची तळटीप वाचून दाखवायची का?’

प्रसूतिगृह आजही संध्याकाळी बंद होतं.

एक गोष्ट आणखी सांगतो, आणि ही सांगायची मला लताबाईंची आणि जिची ही गोष्ट आहे तिची, दोघींची परवानगी आहे. आमच्या धर्मग्रामातली एक मुलगी होती. मान वळवून शोधू नका, ती आता नाशिकमध्ये राहत नाही. पहिलं मूल रांगणारं, दुसऱ्याची चाहूल लागलेली, नवऱ्याचं एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातलं कंत्राटी काम सुटलेलं. माझ्या बायकोने तिला माझ्याकडे पाठवलं. म्हणाली, तुम्ही यावर लिहिता ना, मग बोला. मी बोललो. जीवनाच्या पावित्र्यावर बोललो. ते माझं सर्वोत्तम भाषण होतं, आजच्यापेक्षा तर फारच बरं. चहा निवून गेला. शेवटी ती म्हणाली, ‘काका, पटलं. पण मी कामाला जाते तो दुकानवाला सुट्टी देणार नाही, काढूनच टाकेल. आणि सोनोग्राफी कुठं करू?’

मी म्हणालो, चौकशी करतो. कुणाकडे करणार? अख्ख्या नाशिक रोडमध्ये मला एकच नाव सुचलं, आणि ते नेमकं त्या बाईचं, जिच्याशी मी चौथ्या मागणीवरून वर्षानुवर्षं भांडत होतो.

तिला घेऊन गेलो. लताबाईंनी पहिलं काम केलं ते मला बाहेर काढण्याचं. ‘भाऊ, तुम्ही बाकावर बसा.’ बाकावर चारपाच नवरे बसले होते, त्यांच्यात मी. दार नीट लागत नव्हतं. आतून आवाज आला, ‘हे बघ बाळा, ठेवायचं असेल तर मी आहे. नसेल ठेवायचं, तरी मी आहे. काकांचं ऐकू नको, माझंही ऐकू नको. तुझं तू ठरव आणि मला सांग.’

मी ताडकन उठलो. तिथल्या आया ठमाबाई म्हणाल्या, ‘बसा हो. इथं बाप्ये उठले की चक्कर येऊन पडतात, मग आम्हालाच उचलावं लागतं.’

मी बसलो.

त्या मुलीने मूल ठेवलं. लताबाईंनी दुकानदाराला फोन केला. काय बोलल्या माहीत नाही, पण त्याने तिला काढलं नाही. तपासण्या झाल्या, गोळ्या मिळाल्या, आणि दिवस भरले तेव्हा प्रसूतिगृह बंद असल्यामुळे रिक्षात तिच्या शेजारी बसून लताबाईच पुढच्या हॉस्पिटलात गेल्या. ते पोर आता शाळेत जातं.

मग मी काय केलं? मी ही गोष्ट चर्चमध्ये सांगू लागलो. श्रद्धेचा विजय म्हणून! ‘ठेवायचं असेल तर मी आहे’ हे वाक्य मी फार रंगवून सांगायचो, लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. कुणीतरी ते लताबाईंच्या कानावर घातलं. भाजी घेताना भेटल्या तेव्हा म्हणाल्या, ‘भाऊ, माझं वाक्य अर्धंच छापलंत.’

मी विचारलं, ‘आणि ज्या दुसरं ठरवतात, त्यांचं काय?’

‘त्या माझ्या पेशंट आहेत. तुमच्या लेखाचा विषय नाहीत.’

मित्रहो, यावर माझं मत बदललं, असं मी म्हणालो असतो तर भाषण छान झालं असतं. ते बदललेलं नाही. त्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग मला तेव्हा टोचला, आजही टोचतो. आणि त्याच बाई मागच्या आठवड्यात स्नेहाला घेऊन माझ्या घरी आल्या आणि म्हणाल्या, सूचक व्हा.

मी म्हणालो, ‘लताबाई, तुमच्या जाहीरनाम्यात चौथी मागणी आहे ना?’

‘आहे. चोवीस तास प्रसूतिगृह आहे, मोफत औषध आहे, तेही आहे. काढणार नाही.’

‘मग मीच का? तुमच्या वस्तीत शंभर माणसं आहेत सही करायला.’

तेव्हा त्या म्हणाल्या, ‘माझ्या वस्तीतल्याने सही केली तर लोक म्हणतील, घरचाच माणूस. तुम्ही इतकी वर्षं माझ्याशी भांडताय. तुमची सही दिसली तर लोक म्हणतील, बाईत काहीतरी असेल.’

आता सांगा, अशा माणसाला नाही कसं म्हणायचं? आणि हो तरी कसं म्हणायचं? मी फादरांकडे गेलो. मला स्पष्ट निर्णय हवा होता, मिळाली कॉफी. फादरांनी विचारलं, ‘त्या चौथ्या मागणीसाठी तुम्ही त्यांना पाठिंबा देताय का?’ मी म्हणालो, नाही, ती असूनही देतोय. बाकीच्या मागण्यांसाठी. फादर म्हणाले, ‘मग तुमची ती बाकीची कारणं खरोखर तेवढी वजनदार आहेत का, हे तुमच्या विवेकाला विचारा. सही करा असं मी सांगणार नाही, करू नका असंही सांगणार नाही.’ मी निघालो तसे मागून म्हणाले, ‘आणि पठारे, बेनेडिक्टभाऊंना मात्र तुम्हीच सांगा.’

त्यांना सांगितलं. बेनेडिक्टभाऊ रागावतील असं वाटलं होतं. ते शांतपणे म्हणाले, ‘पठारे, जो अजून जन्मला नाही त्याला मत नसतं. त्याच्या वतीने मत द्यायला आपणच असतो. तुम्हीही तिकडे गेलात तर कोण उरलं?’

भाऊ, या वाक्याला मी तळटीप जोडणार नाही. मला एवढंच माहीत आहे की रात्री कळा लागलेली बाई रिक्षातून पुढे पाठवली जाते तेव्हा त्या रिक्षात दोन जीव असतात, आणि दोघांनाही मत विचारायला कोणी जात नाही. त्यांच्यासाठी दार उघडं ठेवीन असं ठामपणे म्हणणारा उमेदवार मला या प्रभागात एकच दिसतो. तो उमेदवार मला हवा तसा नाही. मला हवा तसा उमेदवार आजवर उभाच राहिलेला नाही. राहिला तर बहुधा त्याचं डिपॉझिट जाईल, आणि सूचक मीच असेन.

तेव्हा लताबाई, सही मी करणार.

टाळ्या नकोत, थांबा. बेनेडिक्टभाऊ मान हलवताहेत, मला इथून दिसतंय. रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर ते माझ्याशी बोलतील की नाही, मला ठाऊक नाही. भाऊ, बोला. भांडा, पण बोला. त्या भांडणाची सवय मला लताबाईंनी लावली आहे. आणि लताबाई, माझी एक अट आहे. तुमच्या पहिल्या सभेत चौथ्या मागणीच्या विरोधात बोलायला मला पाच मिनिटं द्या.

माईकवर ऐकू आलं नसेल, म्हणून सांगतो. त्या म्हणताहेत, ‘तीन. तुमच्या पाचाची वीस होतात.’

मान्य आहे.

तर अध्यक्षबाई, आपण एवढा वेळ घड्याळाकडे न पाहता ऐकलंत, निदान उघडपणे पाहिलं नाहीत, याबद्दल आपले आभार. रहिवासी मंडळाने एका अर्ध्या माणसाला पूर्ण खुर्ची दिली, त्यांचे आभार. आचारी मंडळी केव्हाची खुणा करताहेत, त्यांचेही आभार. बोलण्याच्या भरात कुणाची श्रद्धा, कुणाचा विचार दुखावला असेल तर तो राग माझ्यावर काढा. लताबाईंच्या मतांवर काढू नका, एवढी हात जोडून विनंती.

सोमवारी सकाळी लताबाई, सावळीराम आणि मी अर्ज घेऊन निवडणूक कार्यालयात जाणार आहोत. छाननी दुसऱ्या दिवशी. अर्ज टिकला तर येत्या शनिवारी वस्तीतल्या समाजमंदिरात पहिली सभा होईल. त्यांचा मुलगा संघर्ष याने सांगितल्याप्रमाणे, पहिला प्रश्न विचारायला बेनेडिक्टभाऊंना बोलावणं गेलं आहे आणि दुसरा मी विचारायचा आहे. आम्हा दोघांची मनं वळणार नाहीत, असं लताबाई घरी सांगून बसल्या आहेत. तरीही उमेदवाराच्या आधी माईक आम्हा दोघांकडे द्यायचा, असं त्यांनी संघर्षला बजावलं आहे.