उणे खातं आणि मराठी कुजबुज

बनारसमध्ये हळूच मराठीत बोललं की कुणाला काही कळत नाही, अशी माझी खात्री होती. ती कशी उडाली ते ऐका.

नव्वदच्या दशकातली गोष्ट, मी तिथल्या बँकेत कॅशियर होतो. चेकबुकाचे पैसे कापले गेले आणि माझंच खातं अकरा रुपयांनी उणे झालं. स्टाफचं खातं उणे म्हणजे थेट सस्पेंड! आणि नेमके त्याच दिवशी बँकेच्या तपासणीला आलेले इन्स्पेक्टर साहेब माझ्या पाठीमागे येऊन बसलेले. सकाळपासून सगळ्यांना हिंदीत झापत होते. माझ्या खिशात पैसे होते, पण आपल्याच काउंटरवर आपल्याच खात्यात पैसे भरायचे नाहीत, हाही नियम.

तेवढ्यात मंगला गौरी मंदिराजवळच्या, आमच्या शेजारच्या मराठी काकू पेन्शन घ्यायला आल्या. त्यांच्या नोटांबरोबर माझी विसाची नोट सरकवत मी पुटपुटलो, "काकू, एवढे माझ्या खात्यात भरा ना. मागच्यांनी खातं बघितलं तर नोकरी जाईल हो!"

"अरे देवा! कोण, हा टकल्या साहेब?" काकूंचा आवाज कसला हळू.

"हो, पण घाबरू नका. त्याला मराठी कुठलं कळतंय!"

मागून शांत, स्वच्छ मराठीत आवाज आला, "भरा, काकू. पावती मात्र त्यांना देऊ नका, या टकल्या साहेबाला द्या."