दोन बोटांची सूज

...आणि वर मलाच सांगतो, "मामा, तुमचा गुडघा बरा झालाय!" अहो, गुडघा कुणाचा? माझा! ठणकतोय कुणाला? मला! आणि बरा झाला हे ठरवणार कोण, तर आमचे जावईबापू! तुम्हाला सांगतो, जावयाला दहावा ग्रह म्हणतात ते उगाच नाही. बाकीचे नऊ निदान लांबून छळतात, हा घरी येऊन पाय चोळतो!

मी पडलो शिंपी. माझं पोट पायावर. पायडल मारलं तर मशीन चालणार, मशीन चाललं तर चूल. गुडघा सुजून टम्म झाला, पायडल बंद, गिऱ्हाइकं चालली समोरच्या रेडिमेडवाल्याकडे, आणि तो मेला दारात उभा राहून विचारतो, "काय मास्तर, बसलात?" बसलोय रे बाबा, कायमचाच बसलोय!

तर हा जावई. औषधी झाडपाल्यावर संशोधन करतो म्हणे. म्हणजे काय, तर आधी उंदराचा पंजा सुजवतो, मग पाल्याचा रस देऊन सूज उतरवतो. अरे, मुळात सुजवलास कशाला? पण विचारायची सोय नाही! एक दिवस बाटली घेऊन हजर. "मामा, निर्गुडी!" मी म्हटलं, "पाला होय?" तर चेहरा असा केला, जणू मी त्याच्या आईला नावं ठेवली. "पाला नाही मामा, अर्क!" बरं बाबा, अर्क. उंदीर झाले, आता सासरा!

"आधी सूज मोजू या. तुम्ही शिंपी, तुमच्याइतकं अचूक कोण मोजणार?" फुगलो ना मी! गळ्यातली टेप काढली, गुडघ्याभोवती टाकली, आकडा सांगितला, त्यानं लिहून घेतला. मग रोज चोळतोय, चोळतोय... हिरवा झाला गुडघा, घरभर वास, बायको खिडकीबाहेर नाक काढून बसलेली, आणि ठणका जिथल्या तिथे!

पुढच्या खेपेला यानं स्वतः टेप घेतली, करकचून आवळली, मी "आई गं!" म्हणून ओरडलो आणि हा नाचतोय! "मामा, इंचभर उतरली!" मी म्हटलं, "अहो, दुखतंय!" तर म्हणतो, "दुखतंय हे तुमचं मत झालं मामा. माप म्हणजे पुरावा." ऐकलंत? गुडघा कुणाचा? माझा! आणि माझंच मत!

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. अहो, शिंपी माप कसं घेतो? टेपेच्या आत दोन बोटं घालून! नाहीतर गिऱ्हाईक श्वास कुठून घेणार? जन्माची सवय... गुडघ्यालाही मी दोन बोटं सैल सोडली होती! उतरली ती सूज नव्हती हो, माझी बोटं होती!

सांगायला तोंड उघडलं, तर लेकीनं स्वयंपाकघरात ओढलं. "बाबा, पाया पडते, गप्प बसा. यांना आता नोकरीत कायम करणार आहेत. मोठ्या सभेत भाषण आहे यांचं, तुमच्या गुडघ्यावर!" घ्या! गुडघा कुणाचा? माझा! टाळ्या कुणाला? त्याला! लेकीच्या डोळ्यांत पाणी, मग काय करणार, गिळलं.

आणि निर्लज्जपणा बघा, त्या भाषणासाठी नवी पँट शिवायला माझ्याकडेच आला! मनात म्हटलं, ये बेट्या. आज बोटं बाहेर. अशी आवळून बेततो, की नमस्काराला वाकलास की टर्रकन... सगळ्या सभेला पुरावा दिसू दे! दातओठ खाऊन कमरेभोवती टेप टाकली, आकडा वाचायला वाकलो... आणि बघतो तर काय? आत दोन बोटं! माझीच! हात ऐकेल तर शपथ!

शिवली मग, चांगल्या पायानं पायडल मारत, कण्हत, शिव्या देत. आणि बसली हो अशी झकास, अशी झकास, की बायको कौतुकानं म्हणते, "बघा! गुडघा बरा झाल्याशिवाय का असली शिलाई जमते?"