अ‍ॅकॉर्डियनचा हात

रक्त द्यायला आलेले पेट्रुस्का डावी बाही सारून बसले होते. उजव्या हाताला ते कुणाला सुई लावू देत नसत. तो अ‍ॅकॉर्डियन वाजवायचा हात. पडद्याआड दोन शिकाऊ नर्स कुजबुजत होत्या.

“कोरिन, जा ना. म्हातारबुवा कधीचे ताटकळलेत.”

“तूच जा, देझरे. मी अजून जिवंत माणसाला सुई टोचलेली नाही गं.”

“रबरी हाताला तर फटाफट टोचतेस!”

“रबरी हात ‘आई गं’ करत नाही.”

“शाळेत इतिहास शिकवताना घाबरायचीस का?”

“तिथले सगळे आधीच मेलेले होते!”

“परवा काय झालं?”

“दोनदा सुई पुढे नेली, दोनदा मागे घेतली. मॅडमनी सुई काढूनच घेतली. आज पुन्हा तसंच झालं तर वर्ष गेलं. नवरा म्हणतोच, पदवी होती, नोकरी होती, पुन्हा नर्सिंगच्या मास्टर्सला बसायची कुठून अवदसा आठवली!”

“जा आता. मॅडम आल्या.”

“म्हातारबुवांचा हात पाहिलास? शीर दिसतच नाही.”

पडदा सरला.

“नमस्कार. मी कोरिन. तुमचं नाव, जन्मतारीख सांगता?”

“सांगतो की.” पेट्रुस्कांनी डावी बाही खाली ओढली आणि उजवी वर सारली. “हा घे, पोरी. याची शीर आंधळ्यालाही सापडेल.”