जिवंत पोवळं

...आणि वर होडीतले दोघे मलाच विचारतात, "पाण्याखाली तोंड उघडायचं नसतं, एवढंही कळत नाही?" कळतं हो! बावन्न वर्षांचा घोडा आहे मी! पण तुम्हाला सांगतो, आमच्या हिच्या बोटात पोवळ्याची अंगठी, मंगळासाठी. लग्न झाल्यापासून एकच घोशा, "अहो, पोवळं समुद्रात जिवंत असतं म्हणे, मालवणच्या बेटापाशी दिसतं, एकदा दाखवा ना!" छप्पन साली बोटीची तिकिटं काढणार, तर गिरगावात गोळीबार, संचारबंदी! म्हटलं, मुंबई मिळू दे, मग जाऊ! सत्तावन्नला निवडणूक, रात्रंदिवस भिंती रंगवतोय मी. मुंबई मिळू दे, मग जाऊ! अठ्ठावन्नला सत्याग्रहात पंधरा दिवस आत. ही भेटायला आली, रडली नाही, भांडली नाही, विचारते काय, "इथून समुद्र दिसतो का हो?" म्हटलं, अगं, मुंबई मिळू दे, मग जाऊ!

साठच्या फेब्रुवारीत गेली. चार दिवसांचा ताप, बस्स. आणि मे महिन्याच्या एक तारखेला मुंबई मिळाली! चाळीत पेढे वाटले, माझ्याही हातावर ठेवला... तो मी हिच्या फोटोपुढे ठेवला.

म्हटलं, मिळाली ना? मग आता जायलाच हवं! उतरलो मालवणला. भाचा शरच्चंद्र नेव्हीत, त्यानं डोळ्यांना काच बांधली, तोंडात नळी कोंबली. "मामा, तोंडानं श्वास घ्यायचा, बोलायचं अजिबात नाही!" बोलायचं नाही! गिरगावकराला! होडीवाला कुशाबा म्हणतो, "काकानू, घाबरू नकात, दोरी माझ्या हातात आसा." घातलं डोकं पाण्यात... अहो, काय सांगू! दगडांना बहर आलेला! जांभळा, पिवळा, हिरवा, आणि मधून मासे हिंडतायत, लग्नघरातल्या पोरांसारखे! मला रडूच आलं. त्या काचेच्या आत डोळे पुसायचे कसे, सांगा!

चांगलं काही दिसलं की मागे वळून "अगं, बघितलंस का" म्हणायची सव्वीस वर्षांची सवय. पण तिथे 'अगं' नाही आलं. बोहल्यावरून उतरल्यावर तांदळाच्या ताटात अंगठीनं मीच लिहिलं होतं तिचं नवं नाव, आणि बायकोचं नाव घरात कोण घेतो, म्हणून पुन्हा कधी उच्चारलं नव्हतं... तेच आलं! "राजलक्ष्मी, बघ!" 'रा'ला नळी सुटली, 'ज'ला अरबी समुद्र घशात, 'लक्ष्मी' होईतो कुशाबानं दोरी खेचून मला होडीत आपटलेलं!

भाचा ओरडतोय, "मामा, हाक कुणाला मारत होतात?" जन्मात पहिल्यांदा बायकोला नावानं हाक मारली, आणि ऐकायला कोण, तर एक पिवळा मासा... तोही आपला जोडीनं चाललेला, त्याला कुठली फुरसत!