आईला आत न्यायचं आहे

ओर्वा : अजून कानात घुमतो आईचा आवाज. आजीची हाडं उराशी धरून याच थडग्याच्या बोळात शिरताना गात होती,
वाक गं बाई, वाकून ये
रांगत आलीस जगामधी, रांगत माघारी ये...
आणि आज तिचीच पाळी आली, तर तू दारात ठाण मांडून बसलायस, दादा!

तालोक : दाराचा दगड ओला आहे. घसरतो.

ओर्वा : या बेटावर दगड कोरडा कधी होता? गेल्या खेपेला म्हणालास, गरुडांचं काम उरकलं नाही, हाडांवर मांस आहे अजून. आज कड्यावर जाऊन बघून आले मी. शिंपल्यासारखी पांढरी झालीय आई.

तालोक : बोटाचं एक हाड सापडत नाही.

ओर्वा : बोट! आजोबांचा अख्खा पाय ऊदमांजराने पळवला होता, तरी गेलेच की आत.

तालोक : तेव्हा थडग्याचे राखणदार बाबा होते. आता मी आहे.

ओर्वा : राखणदार आहेस, मालक नव्हेस. तिकडे मेंढा भाजून करपायला आला, सातूची दारू पाहुण्यांनी तळाला नेली, आणि माझा नवरा होडीत बसून नुसता पाण्याकडे बघतोय. ओहोटी लागली की निघायचं, मग हिवाळाभर येणं नाही. आईचं डोकं लेकीनेच आत न्यायचं असतं ना रे? मग?

तालोक : वसंतात ने.

ओर्वा : आणि तोवर वादळाने कड्यावरून समुद्रात लोटली तर? मग काय माशांना आई म्हणू?

तालोक : हळू बोल. आत ऐकतात.

ओर्वा : ऐकू देत! कळू दे त्यांनाही, कसला राखणदार मिळालाय. हो बाजूला, मीच ढकलते दगड.

(ती दगडाला खांदा लावते. तो तिचं मनगट धरतो.)

तालोक : ओर्वे, थांब. बाबांचं डोकं कुठलं, सांगशील?

ओर्वा : डाव्या कोनाड्यात. सगळ्यांबरोबर.

तालोक : त्यातलं कुठलं?

ओर्वा : असं कुणी विचारतं का? एकदा आत गेलं की सगळेच आपले बाप.

तालोक : मी विचारतो. चरबीचा दिवा घेऊन आत बसतो, एकेकाला हाक मारतो. कुणीच बाबा वाटत नाही गं.

ओर्वा : दादा...

तालोक : कड्यावर ती एकटी आहे. म्हणून अजून कळतं मला, आई कोणती ते.