देव पाहिला कुणी

जुन्या देवळाच्या मागच्या दाराशी चपला शोधताना एका सासूसुनेचं बोलणं कानावर आलं.

– झालं ना आई, मनासारखं दर्शन?

– कसलं गं! समोर गेले, हात जोडले आणि डोळे मिटले.

– अहो, परवा डोळ्यांचं ऑपरेशन. डॉक्टर खात्री देत नाहीत. त्याआधी देव एकदा नीट बघायचा म्हणून आलो ना?

– अगं, सवय! बरं, तू सांग, कसा दिसतो?

– मी तुमच्याकडे बघत होते. पडाल म्हणून.

– म्हणजे दोघींनीही नाही पाहिला? मग दर्शन झालं म्हणायचं की नाही?

– मला काय विचारता! चला परत रांगेत.

– या खेपेला तू देवाकडे बघ. मी पडले तर पडले.

– आणि तुम्ही?

– काय सांगू बाई, आपोआप मिटतात.