आधी शेपटाला पाणी

मंडळी, आधी एक सांगा. चाळीस घरांचं भलं मोठं, की तीन घरांचं? — चाळीस! बघा, किती पटकन म्हणालात! पुढच्या रांगेतले तर माझा प्रश्न संपायच्या आधीच म्हणाले! बहुजनांचं हित बघावं, हे खरंच आहे हो. पण हित आजचं बघायचं, की उद्याचं, की नातवंडांचंसुद्धा? मृदंग जरा थांबवा बुवा, आता गोष्ट ऐका!

खानदेशात नदीकाठी एक गाव. बंधाऱ्यातून पाट निघायचा आणि पाटावर सगळ्यांची शेतं. पाणी सोडणारा तो पाटकरी, त्याचं नाव पुंजू. अंगाने काटकुळा, बोलण्यात कंजूष, खांद्यावर कायम फावडं. गावची रीत अशी, की पाणी कमी असलं तर आधी शेपटाला द्यायचं! म्हणजे पाटाच्या अगदी शेवटच्या शेताला. का? अहो, डोक्याकडचा, म्हणजे बंधाऱ्याजवळचा, एकदा पोटभर प्याला, की त्याला शेपटाची आठवण राहते होय? मला नाही राहत बुवा!

एका साली पावसाने दगा दिला. गव्हाला ओंब्या आलेल्या, दाणा भरायचा, आणि बंधाऱ्यात पाणी उरलं एका पाळीपुरतं, म्हणजे एकदाच सोडता येईल एवढं! डोक्याकडे चाळीस घरं, शेपटाला तीन. त्या तिघांत एक तापीबाई, नवरा गेलेला, पदरात दोन लेकरं. आणि पुंजूचा स्वतःचा गहू कुठे? डोक्याकडे!

गावचे जाणते उत्तमनाना बंधाऱ्यावर आले. म्हणाले, "पुंजू, शेपटाला जाईस्तोवर बहुतेक पाणी कोरडा पाटच पिणार. तिघांसाठी चाळीस घरं मारतोस? त्या तिघांना आम्ही सगळे मिळून धान्य देऊ ना!"

मंडळी, नाना काही दुष्ट नव्हते! बोलले ते मनापासून बोलले, आणि त्यांचं चुकलं कुठे ते मला विचाराल, तर मीही डोकं खाजवीन. पुंजूच्या बायकोने, मैनाबाईने, त्या गव्हासाठी किती खस्ता खाल्ल्या होत्या! पुंजूने पाणी अडवणाऱ्या दाराच्या फळीवर हात ठेवला.

मग म्हणाला, "नाना, आज तिघं थोडे म्हणून रीत मोडली. पुढच्या टंचाईला रीतीवर विश्वास कोण ठेवील? जो तो पाट फोडील. मग फावडी मातीत नाही, एकमेकांच्या डोक्यात चालतील! आणि धान्य तुम्ही द्याल हो. पण तापीबाई आज आपल्या बांधावर उभी आहे, तिला तुमच्या दारात उभी करू का?"

आणि फळी उचलली!

पाणी निघालं ते पुंजूच्याच शेताच्या कडेने! वाकून एक फावडं मारलं असतं, तर त्याचा गहू जगला असता. कोण बघत होतं? मंडळी, तुम्ही असता तर? — हं, आता कशा माना खाली गेल्या! पुंजू नाही वाकला. पाण्याबरोबर चालत चालत शेपटापर्यंत गेला.

तिघांचा गहू भरला. चाळीस घरांचा करपला, पुंजूचाही. मैनाबाई म्हणाली, "गावाचे पाटकरी झालात, घराचे कोण?" आठ दिवस बोलली नाही बिचारी. गावाने राम राम बंद केला.

जाणते लोक इथे भांडतात बरं का! एक म्हणतो, हे एक काम करून किती जण सुखी होतील ते बघ. दुसरा म्हणतो, एका कामाचं काय घेऊन बसलास? ही रीत पाळली तर पिढ्यान्‌पिढ्या किती जण सुखी होतील ते बघ. दोघांनाही सुख लोकांचंच हवंय! नाना पहिल्यातले, पुंजू दुसऱ्यातला.

सात वर्षांनी पूर आला आणि बंधारा वाहून गेला. गावाचा पाट वरच्या गावाच्या पाटाला जोडला. झालं काय? उत्तमनानांचं शेत, पुंजूचं शेत, अख्खं गावच शेपटाला गेलं! आणि पुन्हा टंचाई! वरच्या गावात दोनशे घरं. नाना पुंजूला घेऊन पाणी मागायला गेले, तर तिथले लोक म्हणाले, "दोनशे घरं मोठी, की तुमची चाळीसेक?"

अरे देवा! नानांचेच शब्द नानांकडे परत आले!

तिथला म्हातारा पाटकरी पुढे आला. त्याने एकच विचारलं, "नाना, तुमच्या गावात टंचाई पडली, तेव्हा आधी पाणी कुणाला दिलंत?"

नानांनी मागे वळून पुंजूकडे बघितलं. डोळे भरून आले. म्हणाले, "शेपटाला. याने दिलं. मी अडवत होतो."

म्हाताऱ्याने फावडं उचललं. "मग आधी तुमचं," म्हणाला. वरच्या गावातले लोक बाजूला झाले.

परत येताना नानांनी पुंजूच्या खांद्यावरचं फावडं काढून आपल्या खांद्यावर घेतलं. धन्य तो पुंजू! एका माणसाने एकदा पोटाला चिमटा काढला, त्यावर सगळं गाव जगलं.

तर मंडळी, देवाचं नाव घ्या, हात जोडा, आणि उठू नका! आज शिऱ्याचं पातेलं लहान आहे, मी मघाशीच झाकण उघडून बघून आलोय. दर वेळी पुढच्यांना दोनदा मिळतो आणि तिकडे खांबामागे बसलेल्या आयाबाया रिकाम्या हाताने घरी जातात. आज प्रसाद खांबामागून वाटायला सुरुवात करा. पुढच्या रांगेने बसून राहायचं. आणि मी सगळ्यांत पुढे आहे, तेव्हा माझा नंबर शेवटी!